समासातला बाण

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. मी सुचवलेली जुन्या वळणाची खुनाची रहस्यकादंबरी तू दोन रात्रींत संपवलीस, चौथ्याच प्रकरणात खुनी ओळखलास आणि त्यामुळे पुढची दोनशे पाने फुकट गेल्यासारखी वाटली, असे तू लिहितेस. तुझ्या हुशारीचे कौतुक करण्याआधी एक विचारतो. खुनी तू खरोखर ओळखलास, की तुला त्याचा नुसता संशय आला? या दोन गोष्टी एक नव्हेत, आणि या जातीच्या कादंबरीची बहुतेक गंमत त्या दोहोंच्या मधल्या जागेत असते, असे माझे मत आहे.

तुझ्याच वयाचा असताना मी ग्रंथालयातून अशी एक कादंबरी आणली होती. मृताच्या पुतण्याचे नाव जेथे पहिल्यांदा येते तेथे, समासात, कोणा वाचकाने पेन्सिलीने बाण काढून ‘हाच तो’ असे लिहून ठेवले होते. मला इतका संताप आला की पुस्तक तसेच परत करावे असे वाटले. पण हाताशी दुसरे काही नव्हते, म्हणून चरफडत वाचत राहिलो. मग काय सांगू, प्रत्येक पान त्या बाणाला दुजोरा देऊ लागले. पुतण्या जेवताना गप्प बसला, म्हणजे मन खात होते. दुसऱ्या दिवशी मोकळेपणी हसला, म्हणजे निगरगट्ट होता. तो बागेत दिसला तेव्हा पुरावा नष्ट करायला निघाला होता, आणि दिसला नाही तेव्हा तो आधीच नष्ट करून बसला होता. शेवटच्या प्रकरणात खुनी भलतीच व्यक्ती निघाली. पुतण्या बिचारा प्रेमात पडला होता, एवढाच त्याचा अपराध. बाण काढणाऱ्याने पुस्तक पुढे वाचले तरी होते की नाही कोण जाणे. वाचले असते तर निदान तो खोडून टाकला असता.

तुझा अंदाज बरोबर निघाला हे मान्य. पण घरात आठ-दहा माणसे असली आणि त्यांतल्या एकावर बोट ठेवायचे असले, तर बोट कधीतरी बरोबर पडणारच. ‘तो फारच सज्जन वाटत होता’ हे तू दिलेले कारण पात्राविषयीचे नसून लेखकांच्या सवयींविषयीचे आहे. त्याने अंदाज साधतो, पण निष्कर्ष निघत नाही.

निष्कर्ष म्हणजे काय ते एका लहानशा नमुन्यावरून दाखवतो. समज, लेखकाने असे लिहिले आहे: ‘मोलकरणीने अभ्यासिकेचे दार ढकलले. टेबलावर दौत, अर्धवट लिहिलेले पत्र, विझलेला दिवा, मिटलेल्या डबीतला चष्मा आणि आदल्या दिवशीची फुले होती. खुर्चीत मालक मान टाकून बसले होते. तिची किंकाळी ऐकून धाकटा मुलगा धावत आला, तेव्हा त्याच्या हाताला रक्त लागलेले होते.’ तुझे लक्ष कोठे गेले? रक्ताकडेच, कारण लेखकाने ते त्यासाठीच ठेवले आहे. पुढची वीस पाने तो हात, ते रक्त आणि दाढी करताना कापल्याची सबब यांतच जातील. दुसऱ्या प्रकरणात मालकांनी एक चिठ्ठी सुनेकडून वाचून घेतली होती, कारण चष्मा माडीवर राहिला होता आणि त्याच्याशिवाय त्यांना अक्षर दिसत नसे, हे तोपर्यंत तू विसरलेली असशील. आता विचार कर. पत्र अर्धवट आहे आणि चष्मा डबीत आहे. एक तर पत्र दुसऱ्याच कोणी लिहिले. किंवा मालक लिहिता लिहिता थांबले, त्यांनी चष्मा काढून नीट डबीत ठेवला आणि आलेल्या माणसाकडे वळून ते निवांत बोलत बसले, म्हणजे येणारा माणूस ओळखीचा आणि विश्वासातला होता. किंवा मृत्यूनंतर कोणी तरी सवयीने टेबल आवरले, आणि अशी सवय घरात कोणाला आहे ते पाहावे लागेल. तीन वाटा झाल्या. त्यांतल्या दोन बंद करणारे पुरावे पुस्तकात इतरत्र असले पाहिजेत, आणि लेखक चांगला असेल तर ते असतातच.

लपवण्याची रीतही पाहून ठेव. चष्मा यादीत मध्येच बसवला आहे, त्याच्या आधी तीन वस्तू आणि नंतर एक, आणि लगेच पुढे आरडाओरडा. लेखकाने काहीही दडवलेले नाही. तुझ्या डोळ्यांसमोर ठेवूनच तो तुला चकवतो. हा प्रामाणिकपणा या लेखनप्रकाराने स्वतःवर बंधन म्हणून लादून घेतलेला आहे. रोनाल्ड नॉक्स हे कॅथलिक धर्मगुरू रहस्यकादंबऱ्याही लिहीत, आणि त्यांनी १९२९ साली या खेळाचे दहा नियम मांडले. गुन्हेगाराचा उल्लेख कथेच्या सुरुवातीच्या भागातच यायला हवा. एकाहून अधिक गुप्त खोल्या किंवा भुयारी वाटा नकोत. आजवर न सापडलेले विष वापरायचे नाही. आणि शोधकाला सापडलेला प्रत्येक धागा तत्काळ वाचकालाही दिसला पाहिजे. शोधकाच्या साहाय्यकाची बुद्धी सामान्य वाचकापेक्षा किंचित, अगदी किंचितच, कमी असावी, हाही त्यांतला एक नियम, आणि मला तो फार आवडतो, कारण वाचकाचा स्वाभिमान राखण्याची इतकी काळजी दुसऱ्या कोणत्या साहित्यप्रकाराने घेतल्याचे मला आठवत नाही. पुढे १९३० मध्ये लंडनला अशा लेखकांचे मंडळ स्थापन झाले, रहस्यकथाकार चेस्टरटन त्याचे पहिले अध्यक्ष झाले, आणि आपला शोधक दैवी साक्षात्कारावर किंवा योगायोगावर विसंबणार नाही अशी शपथ सदस्यांना घ्यावी लागे. शपथविधी अर्थातच थट्टेचा होता, पण त्यामागची भूमिका थट्टेची नव्हती.

अगाथा ख्रिस्ती यांचेच पाहा. पहिल्या महायुद्धाच्या काळात त्यांनी इस्पितळाच्या औषधशाळेत काम केले, तेथे विषांची ओळख करून घेतली, आणि १९२० साली आलेल्या त्यांच्या पहिल्या कादंबरीतला खून त्याच ज्ञानावर उभा राहिला. औषधशास्त्राच्या एका नियतकालिकाने त्या पुस्तकातल्या विषाच्या अचूक तपशिलांची वाखाणणी केली होती. मात्र १९२६ च्या त्यांच्या एका कादंबरीवरून, लेखिकेने आपल्याला फसवले अशी तक्रार काही वाचकांनी केली. त्या कादंबरीचे नाव मुद्दाम लिहीत नाही. हाती येईल तेव्हा तुझे तू ठरव. त्या वादात, स्वतः रहस्यकादंबऱ्या लिहिणाऱ्या डोरोथी सेयर्स यांनी ख्रिस्तींची बाजू घेतली, आणि प्रत्येकावर संशय घेणे हे वाचकाचेच काम आहे, असा त्यांचा रोख होता. मीही त्याच पक्षाचा आहे.

माझ्या बाणाची गोष्ट तुला अतिशयोक्तीची वाटली असेल, तर अँथनी बर्कली यांची विषारी चॉकलेटांच्या खुनाची १९२९ सालची कादंबरी मिळव. तीत सहा जणांचे एक मंडळ एकाच खुनाचा विचार करते आणि प्रत्येक जण आळीपाळीने आपला उलगडा मांडतो. प्रत्येक उलगडा ऐकताना ‘आता याहून वेगळे काय असणार’ असे वाटते, आणि पुढचा वक्ता तो मोडून काढतो. संशयाचा असा सविस्तर पंचनामा मी दुसरीकडे वाचलेला नाही.

आता थोडे करण्याविषयी. एलरी क्वीन या नावाने लिहिणाऱ्या, सख्खे नव्हे, पण नात्याने भाऊ असलेल्या दोघा लेखकांनी १९२९ पासून आपल्या सुरुवातीच्या कादंबऱ्यांत, शेवट जवळ आला की कथा थांबवून वाचकाला थेट आव्हान देण्याची प्रथा ठेवली: आता सर्व पुरावे तुमच्यासमोर आहेत, सांगा. प्रत्येक पुस्तकात असे पान नसते, पण ती जागा असते. शोधक सर्वांना दिवाणखान्यात बोलावतो, तेथे पुस्तक मिट. एका कागदावर खुनी कोण ते लिहिण्याआधी खुनी कोण असू शकत नाही ते लिही, आणि प्रत्येक नावापुढे पुस्तकातले एक वाक्य लिही. वाक्य सापडले नाही तर ते नाव संशयितांतून खोडू नकोस. मला हे साधायला बरीच वर्षे लागली, आणि आजही दहातली सात-आठ पुस्तके मला हरवतात.

मग शेवट वाच, आणि आठवड्याभराने तेच पुस्तक पहिल्या पानापासून पुन्हा वाच. खरे सुख मला तेथे मिळते. पहिल्या वाचनात जे वाक्य केवळ सौजन्याचे वाटले होते, त्याला दुसऱ्या वेळी दोन अर्थ असल्याचे कळते. साक्षीदाराने दिलेले उत्तर खरेच होते, फक्त ते विचारलेल्या प्रश्नाचे नव्हते, हे दिसते.

या पुस्तकांचे दोष मी झाकत नाही. मृताबद्दल त्यांत कोणी फारसे रडत नाही, पोलीस बहुधा उगाचच मठ्ठ असतात, आणि काही पात्रे केवळ संशयितांची संख्या भरावी म्हणून मुक्कामाला आलेली असतात. माणसाच्या मनाचा तळ शोधायचा असेल तर दुसरे काही वाच. येथे भेटते ती कारागिरी, आणि तिला कारागिरी म्हणूनच दाद द्यावी.

तुझे पुस्तक पुन्हा वाचून त्या सज्जन गृहस्थाविरुद्धची तीन वाक्ये मला पाठव, मग तू त्याला ओळखलेस असे मी मान्य करीन. सोबत आणखी एक कादंबरी पाठवत आहे. तीत समासात माझ्या पेन्सिलीच्या चार खुणा सापडतील. त्यांतली एक जाणूनबुजून चुकीच्या जागी केलेली आहे.

तुझा,
एक जुना वाचक