खरेदी, रात्रीची मजा आणि समुद्र: पाच दिवस मुंबईत कसे घालवावेत?

तुम्ही विचारलंय की नागपूरहून तुम्ही दोघं आणि १९ व २२ वर्षांची दोन मुलं डिसेंबरात पाच दिवस येताय. मुलांना बीच, शॉपिंग आणि नाइटलाइफ हवंय. गोवा महाग पडतोय, तर त्याऐवजी मुंबई चालेल का, आणि चालणार असेल तर राहायचं कुठे, दिवस कसे लावायचे.

चालेल, आणि चांगली चालेल. मी गिरगावात वाढले, आता पार्ल्यात राहते. म्हणजे गिरगावची चौपाटी लहानपणची आणि जुहूची रोजची. त्यामुळे समुद्रापासूनच सुरुवात करते, कारण बाहेरून येणाऱ्यांचा बेत बहुतेक वेळा तिथेच फसतो. गोव्यात लोक सकाळी समुद्रात उतरतात आणि दुपारपर्यंत पाण्यात असतात. मुंबईत तसं करायचं नाही. माहीमच्या खाडीतून मिठी नदी येते, जुहूजवळ इर्ल्याचा नाला येतो, शहराचं सांडपाणीही समुद्रातच जातं. घोट्यापर्यंत पाय भिजवा, त्यापुढे नको. मालाडच्या आक्साला तर पोरांना एकटं अजिबात पाठवू नका. वरून पाणी शांत दिसतं, पण तिथली ओढ फसवी आहे आणि दरवर्षी तिथे माणसं बुडतात.

मग मुंबईत समुद्राचं करायचं काय? त्याच्या काठाने चालायचं, बसायचं, खायचं, आणि ओहोटीच्या वेळी तो काय उघडं करून जातो ते बघायचं. हे शेवटचं पर्यटकांना कुणी सांगतच नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते. भरती-ओहोटी दिवसातून दोनदा होते आणि वेळ रोज साधारण पाऊण तासाने पुढे सरकते. आमच्याकडे जुनी माणसं तिथीवरून हिशेब करतात: तिथीची पाऊणपट करा, की पूर्ण भरतीची वेळ अंदाजाने मिळते. अष्टमीला सहा, पौर्णिमेला आणि अमावास्येला सव्वाअकरा. त्यात सहा तास मिळवले की ओहोटी. म्हणजे पौर्णिमा किंवा अमावास्येच्या आसपास आलात तर संध्याकाळी साडेपाचच्या सुमाराला पाणी सगळ्यात मागे गेलेलं असतं, आणि डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमाराला मावळतो. अशी संध्याकाळ मिळाली तर सरळ जुहू गाठा. ओल्या वाळूवर बारीक बारीक भोकं दिसतील आणि प्रत्येक भोकाभोवती मोहरीएवढ्या वाळूच्या गोळ्यांची रांगोळी. छोटे खेकडे वाळू तोंडात घेतात, त्यातलं खाणं वेचतात आणि उरलेल्या वाळूची गोळी करून बाजूला टाकतात. जराही न हलता दोन-तीन मिनिटं उभं राहिलात तर ते बाहेर येऊन कामाला लागलेले दिसतात. एक पाऊल आपटलं की सगळे आत. रात्री भरती येते आणि सगळं पुसून टाकते.

हाजी अलीच्या बाजूचे खडकही ओहोटीला उघडे पडतात. तिथे समुद्रफुलं (फुलांसारखे दिसणारे समुद्री प्राणी), शंखात राहणारे खेकडे आणि नशीब असेल तर छोटा ऑक्टोपससुद्धा दिसतो. ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ ही मंडळी २०१७ पासून लोकांना अशा खडकांवर घेऊन जातात. तुमच्या तारखांना त्यांची फेरी असेल तर मुलांसाठी नाव नोंदवाच. एकट्याने शेवाळलेल्या खडकावर जाऊ नका आणि दगड उलटेपालटे करू नका. महागड्या हॉटेलांच्या खिडकीतून जो समुद्र दिसतो, त्यापेक्षा मला हा जास्त खरा वाटतो.

मुलांना पाण्यात खेळायचंच असेल, आणि त्या वयात हवंच असतं, तर त्यासाठी एक अख्खा दिवस अलिबागला द्या. गेटवेवरून मांडव्याची बोट घ्या, साधारण तासाभरात पोचते. काही बोटवाल्यांच्या तिकिटातच मांडवा ते अलिबाग बस असते, तिकीट काढताना विचारून घ्या. गाडी घेऊन जायचं असेल तर भाऊच्या धक्क्यावरून रो-रो आहे. थंडीत बोटीच्या मागे समुद्रपक्ष्यांचे थवेच्या थवे लागतात. लोक त्यांना गाठ्या-फरसाण टाकतात. तुम्ही टाकू नका, ते त्यांचं अन्न नाही. पुढे रिक्षाने नागावला किंवा किहीमला जा. नागावला पाण्यातले खेळ मिळतात, किहीम जरा निवांत आहे. अलिबागच्या किनाऱ्यासमोर कुलाबा किल्ला आहे, शिवाजी महाराजांनी १६८० मध्ये बांधायला घेतलेला आणि पुढे आंग्र्यांचं ठाणं झालेला. ओहोटीला चालत किंवा घोडागाडीने जाता येतं. निघण्याआधी परतायची वेळ तिथल्या माणसाला विचारा आणि ती पाळा. शनिवार-रविवार मात्र टाळा, अर्धी मुंबई तिथे लोटते.

आता खरेदी. ती दिवसा उरकायची आणि भाग ठरवून करायची, नाहीतर पाच दिवस टॅक्सीतच जातील. मॉलबद्दल फार लिहीत नाही. लोअर परळला फिनिक्सच्या जुन्या गिरणीच्या जागेवरचा पॅलेडियम आणि वांद्रे-कुर्ला संकुलातला जिओ वर्ल्ड प्लाझा मुलांना बघायचे असतील तर बघू देत, पण मॉल नागपुरातही आहेत. एक दिवस जुन्या बाजाराला द्या. सीएसएमटीवरून चालत क्रॉफर्ड मार्केट, म्हणजे महात्मा जोतिबा फुले मंडई. १८६९ ची इमारत आहे. आत शिरण्याआधी दरवाजावरची दगडी शिल्पं मान वर करून बघा, लॉकवुड किपलिंग यांच्या हातची आहेत. तिथून रस्ता ओलांडला की मंगलदास मार्केट.

मंगलदास मार्केटसाठी किमान दोन तास हाताशी ठेवा. छताखाली अरुंद गल्ल्या, दोन्ही बाजूंना गाद्या घातलेली दुकानं, आणि तुम्ही नुसतं ‘कॉटन आहे का’ विचारलंत की तीन ठाण तुमच्यासमोर उलगडलेले असतात. बिचकू नका, उलगडलं म्हणून घ्यायलाच हवं असं काही नसतं. कापड दोन बोटांत चुरगळून सोडा. सुती असेल तर चुणी राहते, मिश्रण असेल तर लगेच सरळ होतं. कोपऱ्यावर पाण्याचा एक थेंब टेकवा, सुती कापड तो पटकन पितं. गडद रंगावर ओला रुमाल घासून बघा, रुमालाला रंग लागला तर तो माल दुसऱ्यासाठी सोडा. भाव एका दुकानात विचारून थांबू नका. तेच ठाण चार गाळे पुढे वेगळ्या भावाने असतं, आणि सगळ्यात आतल्या गल्ल्यांत भाव थोडा उतरतो. डिसेंबर म्हणजे लग्नसराई, तेव्हा सकाळी अकराच्या आत पोचा. रविवारी हा बाजार बंद असतो. दमलात की क्रॉफर्ड मार्केटच्या समोर बादशाहचा फालुदा आहे, १९०५ पासूनचा. पायात जोर उरला असेल तर पुढे झवेरी बाजार आणि भुलेश्वर. नकली दागिने बघायचे असतील तर भुलेश्वरइतका माल आणि असे भाव मुंबईत दुसरीकडे मिळणार नाहीत.

मुलांचे कपडे फॅशन स्ट्रीटवर घ्या, आझाद मैदानाच्या बाजूला. चर्चगेट आणि सीएसएमटी दोन्हीकडून चालत जाता येतं. तिथे लेबल कापलेले शर्ट दिसतील, तो बहुतेक एक्स्पोर्टमधून उरलेला माल. काखेतली शिवण, चेन आणि बटणांची घरं नीट बघा, खोट असली तर तिथेच असते. घासाघीस बिनधास्त करा, सांगितलेल्या भावाच्या अर्ध्यावरून सुरू केलंत तरी कुणाला राग येत नाही. मात्र भाव तुमच्या तोंडून ठरला आणि तो कबूल झाला की घ्या. तिथून मागे फिरणं वाईट दिसतं आणि त्या पोराचा वेळही फुकट जातो. कुलाबा कॉजवेवर कानातली, चपला, पितळी वस्तू मिळतात, पण परदेशी पर्यटकांमुळे पहिला भाव फार चढा असतो. वांद्र्याच्या लिंकिंग रोडवर चपला आणि पर्स, हिल रोडवर मुलींचे कपडे. आणि डिसेंबरात हिल रोडला जायचंच, कारण नाताळच्या चांदण्या, कंदील आणि केक यांनी तो रस्ता नुसता लखलखत असतो. दादरला साडी-पंजाबीसाठी हिंदमाता आणि किरकोळ खरेदीला रानडे रोड. पहाटे उठवत असेल तर दादरचा फुलबाजार बघा.

रात्रीबद्दल तुमच्या मनात धास्ती दिसते, कारण ‘मुलांना एकटं सोडावं का’ असंही तुम्ही लिहिलंय. मरीन ड्राइव्हवर रात्री बारा वाजता जाऊन बघा, तुमची धास्ती जाईल. लहान मुलं घेऊन आलेली कुटुंबं, कामावरून सुटलेली माणसं, एकट्या बसलेल्या मुली, कट्ट्यावर पाय सोडून डोळे मिटलेले आजोबा. कुणी कुणाकडे बघत नाही. मी कॉलेजात असल्यापासून तिथे रात्री बसत आलेय, आणि माझ्या मुलीलाही मी कधी अडवलं नाही. नरिमन पॉइंटपासून गिरगाव चौपाटीपर्यंत साडेतीन किलोमीटरच्या आसपासचं अंतर रमतगमत चाला. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला गोल कोपऱ्यांच्या आर्ट डेको इमारती. ओव्हल मैदानाच्या गॉथिक इमारतींसह हा सगळा परिसर २०१८ पासून जागतिक वारसा आहे. शेवटी चौपाटीवर कुल्फी खा, किंवा समोर बॅचलर्सला ताज्या फळांचं आइसक्रीम. लोकमान्यांना १९२० मध्ये निरोप दिला तो याच वाळूवर. त्यांच्या पुतळ्यापाशी क्षणभर थांबा.

पब-बारचं म्हणाल तर कायदा नीट माहीत असू द्या. महाराष्ट्रात बीअरला २१ आणि कडक दारूला २५ वर्षं पूर्ण लागतात. म्हणजे तुमच्या थोरल्याला बीअरपर्यंत मुभा, धाकट्याला काहीच नाही, आणि चांगल्या ठिकाणी ओळखपत्र मागतात. बहुतेक बार रात्री दीडपर्यंत चालतात. सगळ्यांनी मिळून जायला कुलाब्याचं कॅफे मोंडेगार मला आवडतं. भिंतींवर गोव्याच्या मारियो मिरांडांची चित्रं आहेत, गाणी लावलेली असतात, आणि नुसतं जेवलात तरी चालतं. तिथून ताजच्या मागे बडेमियांकडे कबाब. मुलांना खरं तरुण वातावरण हवं असेल तर वांद्र्यात पाली नाका आणि कार्टर रोडकडे जाऊ द्या, तिथे रिक्षा मध्यरात्रीनंतरही सहज मिळते.

पण माझं मनापासून सांगणं असं की एक रात्र नाटकाला ठेवा. दादरचं शिवाजी मंदिर, माटुंग्याचं यशवंत, पार्ल्याचं दीनानाथ, कुठेही जो प्रयोग लागला असेल तो बघा. मध्यंतरातला बटाटावडा आणि मग पुन्हा काळोखात आपल्या खुर्चीवर परतणं, ही मुंबईची अस्सल रात्र आहे, आणि ती आपल्या भाषेत आहे. जुहूला पृथ्वी थिएटर आहे, तिथे हिंदी-इंग्रजी नाटकं होतात. नाटक नसलं तरी तिथल्या कॅफेत बसायला मुलांना आवडेल.

राहण्याचं सांगते. विदर्भ किंवा दुरांतो एक्स्प्रेस तुम्हाला सीएसएमटीलाच आणून सोडेल, तेव्हा पहिले तीन मुक्काम फोर्ट किंवा चर्चगेटच्या आसपास करा. खोल्या लहान असतात आणि भाडं जास्त, पण जुना बाजार, मरीन ड्राइव्ह, कुलाबा आणि अलिबागची बोट सगळं तिथूनच होतं आणि रात्री चालत परतता येतं. उरलेले दोन मुक्काम सांताक्रूझ-जुहूकडे करा, म्हणजे वांद्रे आणि जुहू जवळ पडतील. दक्षिण मुंबईत रिक्षा नाही, ती वांद्रे-सायनच्या पुढे येत नाही. तिथे काळीपिवळी टॅक्सी, २०२५ च्या फेब्रुवारीपासून किमान भाडं ३१ रुपये, रिक्षाचं २६. मीटर टाकायलाच लावा. इकडून तिकडे जायला आता भुयारी मेट्रो ३ आहे, कफ परेडपासून विमानतळ आणि पुढे आरेपर्यंत, सामान घेऊन जायला उत्तम. पण ती रात्री साडेदहाच्या सुमाराला थांबते. पश्चिम रेल्वेची शेवटची लोकल एकच्या आसपास, मग पहाटे चारपर्यंत टॅक्सीच. रविवारी मेगाब्लॉक असतो, म्हणजे दुरुस्तीसाठी काही लोकल बंद असतात, तेव्हा आदल्या दिवशी वेळापत्रक बघून ठेवा.

तुमचे पाच दिवस ३१ डिसेंबरला धरून असतील तर त्या रात्री गेटवे आणि मरीन ड्राइव्हच्या गर्दीत चौघं एकत्र राहा, गाडी अजिबात काढू नका. त्या रात्री रेल्वे बहुतेक वर्षी जादा लोकल सोडते. तारखा नक्की झाल्या की खाली लिहा, तिथी बघून जुहूला कुठल्या संध्याकाळी जायचं आणि अलिबागला कुठल्या दिवशी, ते मी सांगते.