सोलापूरजवळच्या माळावरचं हे पिवळ्या फुलांचं, मऊ पानांचं झुडूप रानभेंडी आहे का?

नाही, ही पेटारी. काही जण मुद्रा म्हणतात, काही चक्रभेंडी. संस्कृतात अतिबला आणि शास्त्रीय नाव अब्युटिलॉन इंडिकम. रानभेंडीशी नातं आहे, कारण दोघीही जास्वंद-कापसाच्याच कुळातल्या.

फुलं कधी उमललेली दिसतच नाहीत, असं तुम्ही लिहिलंय. तुमचे फोटो सकाळचे दिसतात. पेटारीचं फूल दुपार कलल्यावर उमलतं, तेव्हा चारनंतर एकदा जाऊन बघा. पाच पाकळ्या आणि मधोमध पुंकेसरांची एकत्र जुळलेली नळी दिसली की कूळ पक्कं. पाकळ्यांच्या तळाशी जांभळट-तांबडा डाग मात्र नको. तसा डाग असेल तर ती पेटारीची चुलत बहीण.

पण खरं सांगू? फुलावरून ओळखायच्या भानगडीत पडूच नका, फळ बघा. तुमच्या तिसऱ्या फोटोत कोपऱ्यात आहे ते. चक्कीसारखं गोल, वर चपटं, पंधरा-वीस फाका कडेनं उभ्या लावलेल्या आणि प्रत्येकीच्या टोकाला बारीकसं टोचरं अणकुचीदार टोक. आधी हिरवं, वाळलं की काळपट. शाईत बुडवून कागदावर दाबलं तर झकास चक्र उमटतं; मुद्रा हे नाव त्यावरूनच. रानभेंडीला असलं काही नसतं, तिची पाच कप्प्यांची लांबट शेंग असते. आणि तिच्या फुलाखाली निदलांच्याही खाली हिरव्या पट्ट्यांचं आणखी एक कडं असतं. पेटारीला ते कडं नाही.

खरा घोटाळा होतो तो चिकण्याशी, म्हणजे बलाशी. मीही सुरुवातीला एकदा बिनफळाच्या फांदीवरून छातीठोकपणे पेटारी सांगून बसलो होतो. महिन्यानं बघतो तर चिकणा! त्याचं फळ वाटाण्याएवढं, निदलांच्या वाटीत दडलेलं आणि एका फाकेत एकच बी. पेटारीची वाळलेली एक फाक नखानं उकला, मूत्रपिंडाच्या आकाराच्या दोन-तीन बिया निघतील. उकलताना जरा बघून, तिथं काळे ठिपके असलेले लाल ढेकूण घोळक्यानं बसलेले असतात. कपाशीवरचेच ते, बियांतला रस शोषायला येतात. चावत नाहीत, पण दचकायला होतं.

पानाचा मखमली स्पर्श आणि हृदयासारखा आकार तुम्ही बरोबर टिपलाय, पण तेवढ्यावरून निकाल देता येत नाही. चिकण्याची एक जातही तशीच मऊ असते. आणि अतिबला नाव वाचून लगेच काढा उकळायला घेऊ नका, निदान फळ हातात येईपर्यंत तरी. संध्याकाळचा फुलाचा आणि उकललेल्या फाकेचा फोटो टाका, मग मी पैजेवर सांगतो.