वही माळ्यावरून खाली काढा

खानापूर तालुक्यातल्या एका वडिलांचं पत्र आहे. मुलगी सेकंड पीयू (म्हणजे बारावी) पीसीएमबी, म्हणजे फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स, बायॉलॉजी घेऊन चांगल्या मार्कांनी पास झाली, पण नीटमध्ये दोनदा मागे पडली. ती आता बीएस्सी बॉटनी म्हणते, वडील तिसऱ्यांदा नीट म्हणतात. ‘परसातल्या डबल जास्वंदीला इतक्या पाकळ्या आल्या कुठनं, हेच विचारत बसते. तिची फुलांची वही मी माळ्यावर टाकली. तुम्ही तिला समजवा.’

दादा, समजवायचं आहे ते तुम्हाला. तिच्या मार्कांची मला काळजी नाही, त्या वहीची आहे. दोनदा अपयश पचवलेल्या पोरीचं मन जिथे रमत होतं, तेच तुम्ही हिसकावून घेतलंत. ‘भावकीत तोंड कसं दाखवू’ हे पत्रात दोनदा आलंय. तिला काय हवंय हे तुम्ही तिला विचारल्याचं मात्र कुठे दिसलं नाही. हे चुकतंय, आणि फार चुकतंय.

बॉटनी म्हणजे ‘झाडांची नावं पाठ करणं’, असं तुम्ही लिहिलंय. तिचाच प्रश्न घ्या. साध्या जास्वंदीला पाच पाकळ्या आणि मधे पुंकेसरांची दांडी. डबल जास्वंद सोलून बघा, आतल्या एखाद्या पाकळीच्या कडेला परागकोशाचा पिवळा ठिपका चिकटलेला सापडेल. ती पाकळी मुळात पुंकेसर व्हायला निघाली होती! १९९१ मध्ये एन्रिको कोएन आणि इलियट मायरोविट्झ या संशोधकांनी याची किल्ली मांडली. फुलाचा कुठला भाग कुठे बनायचा, हे ठरवणाऱ्या जीनचे ए, बी, सी असे तीन गट. एकटा ए असेल तिथे निदल (कळीवरचं हिरवं आवरण), ए-बी मिळून पाकळी, बी-सी मिळून पुंकेसर, एकटा सी असेल तिथे स्त्रीकेसर. सी बंद पडला की पुंकेसरांच्या जागी पाकळ्या येतात. ट्युलिपमध्ये बी गट बाहेरच्या वर्तुळातही काम करतो, म्हणून हिरवी निदलं नाहीतच, सगळंच रंगीत. जीन जुनेच, कामाची जागा बदलली की फुलाचं रूप पालटतं. तुमची मुलगी परसात बसून नेमकं हेच विचारत होती.

वाटा आहेत: केसीईटी या कर्नाटकच्या प्रवेश परीक्षेतून धारवाडला बीएस्सी कृषी, आयसर या केंद्राच्या विज्ञान संस्थांची प्रवेश परीक्षा, नाहीतर बेळगावातच बीएस्सी करून पुढे एमएस्सी आणि नेट ही पात्रता परीक्षा. पैसा उशिरा येतो, हे खरं. नेटमधून जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर महिना ३७ हजार.

तिसरी नीट द्यायची की नाही, ते तिला ठरवू द्या. वही आज संध्याकाळीच खाली काढा, आणि देताना तो पिवळा ठिपका तिच्याकडूनच बघून घ्या.