कराडच्या ताईंना : ऑपरेशननंतर पाठ 'अगदी सरळ' दिसेल का?

ताई, तुमची मुलगी चौदा वर्षांची, पाठीच्या कण्याचा बाजूला गेलेला बाक (स्कोलिओसिस) ५४ डिग्री, आणि ती एकच विचारते, "पाठ सरळ दिसेल ना?" वाचून चार वर्षांपूर्वीचं आमचं घर आठवलं. आम्ही सांगलीचे, लेक तेव्हा नववीत. मी डॉक्टर नाही, फक्त आमचा अनुभव सांगतो. कॉब अँगल म्हणजे एक्स-रेवर मोजलेला बाकाचा कोन, आणि ब्रेसची, म्हणजे बाक वाढू नये म्हणून घालायच्या पट्ट्याची, वेळ का गेली, हे डॉक्टरांनी तुम्हाला सांगितलंच असेल.

आधी माझी चूक. विम्याच्या पूर्वमंजुरीच्या अर्जात 'तक्रार' असा रकाना होता. मी शहाण्याने स्वतःच्या हाताने लिहिलं, "पाठीला कुबड दिसते, पुढे लग्नाला अडचण येईल." झालं! सौंदर्यासाठीची शस्त्रक्रिया म्हणून अर्ज नामंजूर. कचेरीत गेलो की आज साहेब नाहीत, उद्या सर्व्हर नाही. एक बाई तर म्हणाल्या, "दुखत नाही ना, मग घाई कशाला?" पोरीची उंची वाढत होती, बाकही वाढत होता. या खेळात पाच महिने गेले आणि ५२ चे ५९ झाले. ते पाच महिने अजून सलतात.

म्हणून कागदावर दिसण्याचं अक्षर काढू नका. डिग्री, सहा महिन्यांत किती वाढ, श्वासाच्या तपासणीचा अहवाल, एवढंच, तेही डॉक्टरांच्या लेटरहेडवर. तरी नकार आला तर कंपनीकडे लेखी तक्रार करा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येतं. पुण्यात कार्यालय आहे, वकील लागत नाही. मला हे फार उशिरा कळलं.

डॉक्टरांसमोर मात्र दिसण्याबद्दलच बोला, लाजू नका. आम्ही फक्त "किती डिग्री राहील?" विचारत बसलो. ऑपरेशननंतर एक्स-रे सुरेख आला, ५९ चे २१. पण पोरगी वाकली की उजवीकडचा उंचवटा अजून दिसतो, निम्म्याहून कमी झालाय इतकंच. मणके नुसते कलत नाहीत, पिळतातही, आणि बरगड्या त्या पिळासोबत वाढलेल्या असतात. ऑपरेशनमध्ये मणक्यांना बसवलेल्या धातूच्या रॉडने कणा ओढला तरी त्या पूर्ण जागेवर येतीलच असं नाही. बरगडीचे तुकडे काढायची वेगळी शस्त्रक्रिया असते, पण दुखणं जास्त आणि श्वासावर काही काळ परिणाम. आम्ही नको म्हटलं.

दुसरं, खांदे. मुख्य बाक जास्त सरळ झाला की कधी कधी डावा खांदा वर जातो. आमच्याकडे गेला. वर्षभरात बराचसा बसला, सगळा नाही. रॉड वर कुठल्या मणक्यापर्यंत घेणार आणि खांद्यांचं काय होईल, हे आधीच विचारा. कंबर मात्र दोन्हीकडून छान सारखी झाली. उंचीही वाढली, त्यावर स्वारी अजून खूश आहे.

व्रण लांबलचक असतो. वर्षभर उन्हापासून जपा. सांगलीत हळदीला तोटा नाही, आमच्या आत्याबाई वाटी घेऊनच आल्या होत्या, पण टाक्यांवर डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही लावू दिलं नाही. ब्लाउजला एका खांद्यात पातळ पॅड घालून देणारा शिंपी मिळाला की अर्धी काळजी मिटते.

ऑपरेशनआधी पाठीचे उभे आणि वाकलेले फोटो काढून ठेवा. आमच्याकडे एकही नाही. आता लेक आरशात बघून म्हणते, "काहीच फरक पडला नाही", आणि दाखवायला माझ्याकडे फक्त एक्स-रे आहेत.