शेलला मधे घेऊ नकोस

अरे, खानापूरहून पाठवलेला तुझा सर्व्हरचा कोड वाचला, नेटवर्कवरून आलेली कमांड मशीनवर चालवणारा. एन्क्रिप्शन, म्हणजे मजकूर गुप्त करायचा कोड, स्वतः लिहायच्या भानगडीत पडू नकोस. ओपनएसएसएल ही तयार लायब्ररी घे, टीएलएस १.३ हा सुरक्षित जोडणीचा प्रोटोकॉल लाव. जोडणाऱ्या क्लायंटकडूनही ओळखीचं सर्टिफिकेट माग, नाहीतर कुलूप भक्कम आणि किल्ली अख्ख्या गल्लीकडे.

खरी गोम पुढं आहे. आलेली ओळ तू थेट सिस्टीम फंक्शनला देतोस, आणि ते ती शेलकडून, म्हणजे कमांड वाचून चालवणाऱ्या प्रोग्रामकडून, चालवून घेतं. कुणी तारीख दाखवणाऱ्या ‘डेट’पुढं अर्धविराम टाकून फाइली पुसणारं ‘आरएम’ लिहिलं तर? शेल तेही इमानेइतबारे चालवतं. चार-पाच कमांडचीच यादी ठेव, फोर्कनं नवी प्रोसेस काढून, शेलशिवाय थेट प्रोग्राम चालवणाऱ्या एक्झेकव्हीला आर्ग्युमेंट सुटे सुटे दे. संपलेल्या प्रोसेसची दखल घेणारं वेटपिड विसरलास की झोंबी, म्हणजे संपूनही यादीत उरलेल्या प्रोसेस, साठतात. बेळगावात माझं जुनं मशीन त्यानंच गुदमरलं होतं.

सर्व्हर रूट, म्हणजे सगळे अधिकार असलेला युजर, म्हणून चालवू नकोस. आणि टाइमआउट ठेव, म्हणजे ठरावीक वेळ उत्तर नाही आलं की कनेक्शन तोड. तुमच्याकडं लाईट गेली की कनेक्शन तसंच लटकत राहतं.