दंडावरचा व्रण कुठे बरा?

प्रश्न: माझं वजन 38 किलोंनी उतरलं, पण दंडाची कातडी लोंबते. मी शिक्षिका आहे, दिवसभर फळ्यावर लिहिते. ती कापून काढायच्या शस्त्रक्रियेत एक डॉक्टर टाके दंडाच्या आतल्या बाजूला घालू म्हणतात, दुसरे मागच्या बाजूला. काय करू?

उत्तर: ताई, व्रण दोन्हीकडे राहतोच, बहुधा काखेपासून कोपराजवळपर्यंत. आतल्या बाजूचा व्रण हात खाली असताना छातीशी झाकला जातो, हात वर केला की दिसतो. मागचा तुम्हाला आरशात दिसणार नाही, पण पाठीमागच्या वर्गाला दिसेल. म्हणून तुमच्यासाठी मी आतली बाजू निवडेन. मात्र तिथे कोपराकडे जाताना हाताच्या आतल्या बाजूला संवेदना देणारी नस असते. ती दुखावली तर बधिरपणा येतो. ती कशी जपणार, हे डॉक्टरांना जरूर विचारा. कोपरापर्यंत बाही असलेलं ब्लाऊज घालून जा आणि कापायची रेघ बाहीखाली झाकेल अशी, उभ्यानेच आखून घ्या. आडवं झाल्यावर कातडी सरकते.

कान टोचल्यावर गाठ आली होती का? आली असेल तर हा व्रणही तसाच जाड, फुगीर होऊ शकतो; म्हणून आधी सांगा, मग मी घाई करूच देणार नाही. व्रण फिका पडायला वर्ष-दीड वर्ष लागतं. सुरुवातीचा लालसरपणा पाहून घाबरू नका.