छापील पावतीवर मजकूर नेमका बसवताना

प्रश्न : आमच्या पतसंस्थेच्या ठेव पावत्या प्रेसमधून छापून येतात. नाव, रक्कम, मुदत आम्ही त्यावर लेझर प्रिंटरने छापतो. प्रिंटर बदलल्यापासून वरचं नाव किंचित हलतं, तळाची रक्कम मात्र पार चौकटीबाहेर जाते. शाखेतल्या प्रिंटरवर सगळाच मजकूर डावीकडे सरकतो. प्रत्येक प्रिंटरसाठी वेगळी फाईल करावी का?
– एक वाचक, कर्वेनगर, पुणे

उत्तर : नको. फाईल एकच ठेवा. चार फायली झाल्या की एकीत व्याजदर बदलतो, दुसरीत जुनाच राहतो, आणि भुर्दंड ठेवीदाराला.

तुमच्याकडे दोन वेगळे दोष आहेत. नव्या प्रिंटरवर खाली जावं तसा फरक वाढतोय, म्हणजे मजकूर लहान-मोठा होऊन छापला जातोय. प्रिंट देताना ‘फिट’ निवडलेलं असेल. तिथे ‘अ‍ॅक्च्युअल साईज’ किंवा १०० टक्के करा. ९७ टक्क्यांवर २०० मिलिमीटरचं अंतर १९४ होतं. तेवढ्यानं रक्कम चौकट सोडते. कागदाचा आकारही बघा. बऱ्याचदा प्रिंटरच्या सेटिंगमध्ये ‘लेटर’ असतं. तो कागद ए-फोरपेक्षा सुमारे १८ मिलिमीटर आखूड आणि ६ मिलिमीटर रुंद.

शाखेतला दोष साधा आहे. सगळं सारखंच सरकतंय, तेव्हा कागद त्या ट्रेतून जरा बाजूला ओढला जातोय. आधी ट्रेमधल्या पट्ट्या कागदाला नीट टेकवा. तरीही सरकलं तर मोजा. कोऱ्या ए-फोरवर डाव्या आणि वरच्या कडेपासून २० मिलिमीटरवर एक फुली, तिच्या सरळ खाली २०० मिलिमीटरवर दुसरी, असं छापा आणि स्टीलच्या पट्टीने मोजा. दोन फुल्यांमध्ये २०० भरले पण पहिली डाव्या कडेपासून १८ वर पडली, तर दुरुस्ती २ मिलिमीटर उजवीकडे. बऱ्याच ऑफिस लेझर प्रिंटरच्या मेनूत ही दुरुस्ती ट्रेनुसार देता येते. आकडा कागदावर लिहून प्रिंटरलाच चिकटवा. माणूस बदलला तरी तो तिथे राहील. एकेक पावती हाताने आत सरकवायच्या फटीतून देत असाल, तर तिचं माप वेगळं घ्या. ट्रेचा आकडा तिथे चालत नाही.

इतकं करूनही मिलिमीटरभर फरक राहील. तो प्रेसकडून येतो: गठ्ठा कापताना वरच्या-खालच्या कागदात थोडं अंतर पडतंच. म्हणून माप एकाच पावतीवरून घेऊ नका, गठ्ठ्यात वरून, मधून, खालून एकेक काढा. पुढची छपाई अप्पा बळवंत चौकात द्या नाहीतर आणखी कुठे, रकमेची चौकट ऐसपैस ठेवायला सांगा. रेषेवर चढलेला आकडा धड वाचता येत नाही, आणि ती कुणाच्या तरी आयुष्याची पुंजी असते.

चाचणीसाठी क्रमांक असलेली खरी पावती वापरू नका, तिचा हिशेब द्यावा लागतो. झेरॉक्सवरही भरवसा नको, तिच्यात आकार थोडा बदलतो. कोऱ्या कागदावर छापा, पावतीवर कडा जुळवून ठेवा आणि खिडकीच्या काचेवर धरून बघा.